मोटारीसाठी आणि जिओकॅशिंगसाठी एकच जीपीएस: शोध, खर्च आणि अर्धी साखळी

ऑक्टोबर २००९ मधल्या एका शनिवारी लेकाच्या स्काउट गटाबरोबर अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या फॉरेस्ट पार्कमध्ये गेले होते. गटप्रमुखांनी मुलांच्या हातात ईट्रेक्स नावाचं एक जुनं पिवळं जीपीएस यंत्र दिलं आणि सांगितलं, या आकड्यांवर जा, तिथे एक डबा लपवलेला आहे. पाऊण तास चिखल तुडवल्यावर एका आडव्या पडलेल्या खोडाखाली, नेच्यांच्या आड, लष्करी हिरव्या रंगाची काडतुसांची पेटी सापडली. आत वही, पेन्सिल, दोन गोट्या आणि एक प्लास्टिकचा बेडूक. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने वहीत आपलं नाव लिहिलं, बेडूक घेतला, खिशातलं एक बटण ठेवलं आणि घरी येईपर्यंत एकच प्रश्न लावून धरला, "आई, आपण कधी घ्यायचं हे यंत्र?"

ते यंत्र घरात येऊन नीट कामाला लागेपर्यंत मे महिना उजाडला. मधल्या काळात पैसे गेले, वेळ गेला, पण बरंच कळलंही. ज्यांना एकाच यंत्राकडून मोटारीतलं आणि जंगलातलं अशी दोन्ही कामं करून घ्यायची आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी या डबे शोधण्याच्या खेळाबद्दल, म्हणजे जिओकॅशिंगबद्दल थोडं. १ मे २००० च्या रात्री अमेरिकन सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर साध्या यंत्राची चूक १०० मीटरपर्यंत जायची, ती एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. हे तपासून बघायला म्हणून ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. तिथून हा खेळ जगभर गेला. आम्ही राहतो पोर्टलंडशेजारच्या बीव्हरटनला, म्हणजे ती जागा आमच्यापासून तासाभराच्या आत. हे वाचल्यावर एकदा तिथे जायचंच असं लेकाने आणि मी ठरवून टाकलं.

दुसरी गरज माझी स्वतःची होती. गाडीचा परवाना मिळून मला जेमतेम वर्ष झालं होतं. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो, वर पाऊस. अशा वेळी महामार्ग २१७ वरून २६ वर जाताना कुठली मार्गिका धरायची हे आयत्या वेळी कळलं की छातीत धडधडायचं. नवऱ्याने शेजारी बसून सांगायचं म्हणजे त्याची सुट्टी असायला हवी. मुलाला पोहायला, स्काउटला, मराठी शाळेला नेणं हे सगळं माझ्याकडे. तेव्हा ठरलं, यंत्र एकच घ्यायचं, ३०० डॉलरच्या आत, जे मला वळण सांगेल आणि त्याला डबा शोधून देईल.

"फोनमध्येच घ्या की," असं नवऱ्याचा एक मित्र म्हणाला. त्याच महिन्यात अँड्रॉइडच्या नव्या फोनवर गुगलचं बोलणारं नकाशा-मार्गदर्शन फुकट आलं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलर जास्त पडत होते, समुद्राकडे जाताना कोस्ट रेंजच्या डोंगरात फोनला रेंज नसायची, आणि पावसात भिजलेल्या मुलाच्या हातात फोन द्यायची माझी तयारी नव्हती.

मग तीन आठवडे वाचन केलं. एक वही केली. डाव्या पानावर मोटारीच्या अपेक्षा: बोलून सांगणं, रस्त्यांचा नकाशा आत असणं, पडदा लांबून दिसणं. उजव्या पानावर जंगलाच्या: पाणी आत न जाणं, उंचसखलता दाखवणारा टोपो नकाशा, बॅटरी, होकायंत्र, आणि डब्याची माहिती, इशारा (कुठे शोधायचं याची खूण), आधीच्या लोकांच्या नोंदी आतच वाचता येणं, म्हणजे कागद छापून न्यायला नकोत. वाचणाऱ्यालाही माझा हाच सल्ला आहे: दुकानात जायच्या आधी ही दोन पानं लिहा. मी लिहिली, पण एक गोष्ट करायची राहिली. दोन पानांपैकी कुठलं पान जास्त महत्त्वाचं, ते मी ठरवलं नाही.

जिओकॅशिंगवाल्यांमध्ये तेव्हा सगळ्यात मान होता गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप ६०सीएसएक्सला. डोक्यावर जाडजूड अँटेना, दाट झाडीतही संकेत न सोडण्याची ख्याती, आत होकायंत्र आणि वायुदाबावर चालणारा उंचीमापक, दोन साध्या पेन्सिल सेलवर अठरा तास. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, पहाटे पाचपासून एका मोठ्या दुकानाबाहेर रांगेत उभी राहून ते २१९ डॉलरला घेतलं. त्यात रस्त्यांचा नकाशा नसतो, फक्त मोठे महामार्ग असतात. म्हणून नकाशाची डीव्हीडी ७९ डॉलरला वेगळी घेतली. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे बरोबर २९८. वहीतल्या मर्यादेत बसलं म्हणून समाधानाने घरी आले.

जंगलात ते खरोखर उत्तम होतं. पण मोटारीत पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ते बोलत नाही, वळण आलं की फक्त टुकटुक वाजतं. काय करायचं ते कळायला अडीच इंचांच्या आसपासच्या पडद्याकडे बघावं लागतं. ८ डिसेंबरला संध्याकाळी पावसात मी ते बघायला नजर खाली नेली आणि वर बघते तर पुढच्या गाडीचे लाल दिवे अगदी नाकासमोर. ब्रेक लागला, काही झालं नाही. मागच्या सीटवर लेक होता. पुढच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून मी यंत्र बंद केलं आणि पाठीमागे वळून त्याचा हात धरून थोडा वेळ बसून राहिले. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. मोटारीचं पान आधी.

परत करताना दोन गोष्टी कळल्या, त्या खरेदीच्या आधी विचाराव्यात. एक, उघडलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूवर त्या दुकानाने १५ टक्के कापले, म्हणजे ३२.८५ डॉलर. हे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं. दोन, उघडलेलं सॉफ्टवेअर परत घेत नाहीत. नकाशाची डीव्हीडी त्या एका यंत्राशी नोंदवून झाली होती, त्यामुळे यंत्र परत गेल्यावर तिचा कोणालाच उपयोग नाही. ७९ डॉलर गेले. एकूण १११.८५. काउंटरवरच्या मुलीशी मी वाद घातला, तिने नियमाच्या ओळीवर बोट ठेवलं. मला फार वाईट वाटलं होतं. इतक्या पैशांत लेकाचा दोन महिन्यांचा पोहण्याचा वर्ग झाला असता.

त्यानंतर कळलं की जिओकॅशिंगची मंडळी अधूनमधून सकाळच्या न्याहारीला जमतात आणि ती भेट खेळाच्या संकेतस्थळावरच जाहीर असते. जानेवारीत आम्ही गेलो. टेबलावर सात-आठ यंत्रं होती आणि ज्याची त्याने आनंदाने हातात दिली. एका आजोबांनी तर त्यांचं यंत्र मला गाडीत लावून वीस मिनिटं फिरवून आणू दिलं. हे मी आधी करायला हवं होतं. तुम्ही आधी करा.

तिथेच गार्मिनचंच ओरेगन ३०० हाताळलं (राज्याचं नाव आणि यंत्राचं नाव एकच, त्यामुळे बोलताना सारखा घोळ व्हायचा). स्पर्शाचा पडदा, डब्यांची पूर्ण माहिती आत, फार देखणं. पण वळणं तेही बोलून सांगत नाही. शिवाय त्याचा पडदा थेट उन्हात छान दिसतो, ढगाळ उजेडात आणि झाडाखाली मात्र काळवंडतो. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे ढगच असतात.

त्याच टेबलावर एका बाईंकडे गार्मिनचं नुव्ही ५०० होतं. वरून बघितलं तर मोटारीतलं साधं यंत्र, साडेतीन इंचांचा पडदा. पण ते पाण्यात पडलं तरी चालतं, बॅटरी काढून बदलता येते, आणि मोटार, पायी, सायकल, होडी असे चार प्रकार निवडता येतात. अठ्ठेचाळीस राज्यांचे रस्ते आणि टोपो नकाशा दोन्ही आतच. जिओकॅशची फाइल टाकली की वर्णन, इशारा, काठिण्य सगळं वाचता येतं. आणि ते बोलतं. याच्या जोडीचं नुव्ही ५५० होतं, त्यात टोपो नव्हता, म्हणून घेताना आकडा नीट बघावा लागायचा.

२२ जानेवारीला ऑनलाइन मागवलं, २२९ डॉलर, त्यावर ४० डॉलरचा रिबेट, म्हणजे अर्ज केल्यावर पोस्टाने परत मिळणारी रक्कम. २७ ला पार्सल आलं. रिबेटच्या अर्जाला खोक्यावरचा मूळ बारकोड कापून लावावा लागतो आणि खरेदीपासून ३० दिवसांत पोस्टाचा शिक्का पडावा लागतो. आता, बारकोड कापला की वस्तू परत करता येत नाही. परतीची मुदतही ३०च दिवस. म्हणून मी कॅलेंडरवर १९ फेब्रुवारीला लाल गोल केला आणि तोवर यंत्राची पुरती परीक्षा घ्यायची ठरवली.

मोटारीत पहिल्या दिवसापासून सुख होतं. रस्त्याचं नाव घेऊन सांगतं, किती अंतरावर वळायचं तेही सांगतं, आणि चुकलं तर न रागावता नवा रस्ता काढतं. माझे हात स्टिअरिंगवर सैल झाले हे मला स्वतःला जाणवलं.

जंगलात मात्र शिकावं लागलं. पहिल्या डब्याकडे पायी निघालो तर ते आम्हाला रस्त्यारस्त्याने ओढ्याच्या पलीकडे घेऊन गेलं, डबा अलीकडे. मार्गाची पसंती बदलून "ऑफ रोड" करावी लागते, मग ते सरळ रेषेत दिशा दाखवतं. गाडीत परत बसताना ते पुन्हा बदलायला विसरू नका. दुसरी अडचण होकायंत्राची. या यंत्रात खरं होकायंत्र नाही, तुम्ही चालत असता तेव्हाच त्याला दिशा कळते. उभे राहिलात की बाण भरकटतो. लेक जागच्या जागी गोल फिरत राहायचा आणि वैतागायचा. बॅटरी आठ तास सांगतात, थंडीत मला पाच-सहा मिळाले.

आणि आकड्यांचा घोळ. या खेळात अक्षांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. ४५ अंश १७.४६० मिनिटे म्हणजे १७ मिनिटे २७.६ सेकंद. ते १७ मिनिटे ४६ सेकंद असं टाकलं तर १८.४ सेकंदांचा फरक, म्हणजे साधारण ५७० मीटर. एकदा आम्ही अशाच फरकाने एका गोल्फच्या मैदानावर पोहोचलो होतो. हाताने आकडे टाकणार असाल तर सेटिंगमध्ये कुठली पद्धत निवडलेली आहे ते आधी बघा. त्यापेक्षा सोपं म्हणजे खेळाच्या संकेतस्थळाचं सभासदत्व (तेव्हा वर्षाला ३० डॉलर) घेऊन शेकडो डबे एका फाइलमध्ये उतरवणं. मी तेच केलं.

१९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, बारकोड कापून अर्ज टाकला. टाकण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढली, कापलेल्या बारकोडचीसुद्धा. पोस्टाची पावती जपून ठेवली. मार्चच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातले रेडवूडचे उंच वृक्ष बघायला गेलो. तिथे काचेवर यंत्र लावायला १ जानेवारी २००९ पासून परवानगी आहे, पण कोपऱ्यातच: चालकाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ५ बाय ५ इंचांत, पलीकडे खालच्या कोपऱ्यात ७ बाय ७ इंचांत. मी १८ डॉलरची वाळूची गादी घेतली, जी डॅशबोर्डवर नुसती ठेवायची. काचेवर चोरांना दिसणारा गोल डागही पडत नाही.

१० एप्रिलला साताऱ्याहून माझे वडील आले. अप्पांची सगळी नोकरी भूमी अभिलेखमध्ये झाली, मोजणीदार म्हणून. शंकू-साखळी आणि प्लेन टेबल घेऊन त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातलाय. त्यांनी नुव्ही हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्याची चूक किती?"

मी म्हटलं, तीन ते पाच मीटर लिहिलंय.

"लिहिलंय ते राहू दे. माहीत असलेल्या बिंदूवर ठेवून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. आपल्याकडे जी.टी.एस.चे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचे दगड असतात, तशा इथे नॅशनल जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याच्या पितळी चकत्या असतात. त्यांचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर फुकट मिळतात. एक काळजी घ्यायची: माहितीपत्रकात जागेच्या आकड्यांपुढे "अ‍ॅडजस्टेड" लिहिलेलं असेल तीच चकती निवडायची. "स्केल्ड" म्हणजे ते आकडे नकाशावरून मोजलेले, त्यांत सहा सेकंदांपर्यंत, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या वर फरक असू शकतो. घरापासून चार मैलांवर, रस्त्याकडेच्या कठड्यावर एक बरोबर चकती मिळाली. अप्पांनी ती रुमालाने पुसली, वरचा त्रिकोण दिसेपर्यंत. यंत्र तिच्यावर दहा मिनिटं ठेवायला लावलं. मग वहीत आकडेमोड केली आणि म्हणाले, "साडेसोळा फूट. अर्धी साखळी. आठ आणे."

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. उघड्यावर आठ आणे चूक. मग आम्ही मोठ्या डग्लस फर वृक्षाखाली गेलो, तिथे पाचपाच मिनिटांनी घेतलेले आकडे एकमेकांपासून साखळीभर लांब निघाले. "आणि डबा लपवणाऱ्याच्या यंत्राचीही चूक असणारच की," अप्पा म्हणाले. "दोन्ही मिळून एक गुंठा रान झालं. गुंठाभर रानात यंत्राकडं बघायचं नसतं, बाळा. यंत्र खिशात ठेवायचं आणि रान बघायचं. हद्दीचा दगड आम्ही असाच काढायचो. गवत कुठं वेगळं वाढलंय, माती कुठं हलवलीय, ते बघायचं."

त्या दिवसापासून लेकाचं गोल फिरणं थांबलं. ३३ फूट उरले की तो यंत्र माझ्याकडे देतो आणि उकिडवा बसतो. मलाही माझ्या खरेदीचा अर्थ तेव्हा लागला. जास्त मानाचं यंत्र घेतलं असतं तरी शेवटचा गुंठा डोळ्यांनीच शोधायचा होता. मोटारीत बोलून सांगणं मात्र त्या यंत्राकडे नव्हतं. होकायंत्राची उणीव अप्पांच्या जुन्या पितळी होकायंत्राने भरून काढली, पण इथे तेव्हा सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १६ अंश पूर्वेला जायची हे लक्षात ठेवावं लागायचं. साताऱ्यात हा फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून अप्पा पहिल्या दिवशी बराच वेळ सूर्याकडे आणि सुईकडे आळीपाळीने बघत राहिले होते.

रिबेटचं पुढे असं झालं. ६ एप्रिलला कार्ड आलं: मूळ बारकोड नाही, अर्ज नामंजूर. मी मूळच पाठवला होता. फोनवर पस्तीस मिनिटं थांबले, झेरॉक्स आणि पोस्टाची पावती फॅक्स केली, फोनवरच्या माणसाचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवला. २५ मेला चेक आला. त्यावर ९० दिवसांची मुदत असते आणि पाकीट जाहिरातीसारखं दिसतं, फेकून देऊ नका.

एकूण खर्च मांडायचा तर यंत्र १८९, सभासदत्व ३०, गादी १८ आणि आधीच्या चुकीचे १११.८५, म्हणजे ३४८.८५ डॉलर. तुम्ही दोन-तीन दिवस डोंगरात मुक्काम करणार असाल, तर साध्या सेलवर चालणारं हातातलं यंत्रच घ्या, चार्जिंगला तिथे जागा नसते. आठवडाभर गाडी चालवून रविवारी डबे शोधणाऱ्या घराला मी तेव्हा नुव्ही ५०० सांगितलं असतं.

१ मे रोजी बीव्हरक्रीकला जायचं होतं, पण तो शनिवार महाराष्ट्राच्या सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात गेला, अप्पांना तो चुकवायचा नव्हता. ८ मेला निघालो. २०५, मग २१३, मग झाडांमधले लहान रस्ते. यंत्र एकेक वळण सांगत होतं आणि मी ऐकत होते. मूळ बादली आता नाही, पण त्या जागी २००३ मध्ये बसवलेली स्मारकाची पाटी रस्त्याकडेलाच आहे. ४५ अंश १७.४६० उत्तर, १२२ अंश २४.८०० पश्चिम.

लेकाने पायी प्रकार निवडला, ऑफ रोड केलं आणि आकडे तंतोतंत जुळेपर्यंत पावलं टाकत गेला. जुळले तिथे टाच रोवून उभा राहिला. अप्पांनी गाडीतली मोजपट्टी काढली, एक टोक त्याच्या टाचेला धरायला मला दिलं आणि दुसरं पाटीपर्यंत नेलं.

"साडेचौदा फूट," ते म्हणाले. "सात आणे."

तिथल्या डब्यातल्या वहीत लेकाने तिघांची नावं लिहिली. अप्पा गाडीच्या बॉनेटवर स्वतःची वही टेकवून टिपण काढत होते. रस्त्याच्या दोन रेषा, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, पाटीसाठी छोटा त्रिकोण, आणि त्याच्यापासून सात आण्यांवर एक टिंब. टिंबाशेजारी त्यांनी नातवाचं नाव लिहिलं आणि खाली तारीख घालून सही केली.